धागा किती बळकट, दोर किती बळकट?

(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 रानातून, चुलीपुढून, शिलाई मशिनवरून, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. हातातलं काम थांबवायची गरज नाही. आम्ही तालुक्यातल्या बचत गटांच्या सहयोगिनी. एरवी या वेळेला आपण हप्ते, बँकेची कागदपत्रं, शेळ्यांचे आजार, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल असलं काहीबाही बोलतो. आज मात्र एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'नॅनो'.

हा शब्द आता गावात आला आहे. कृषी सेवा केंद्रात नॅनो युरियाची बाटली मिळते. आठवडी बाजारात कुणी नॅनो फिल्टर विकतं, कुणी नॅनोची चटई. मोबाईलवर एक चित्रफीत फिरते, तिच्यात सांगतात की कार्बनच्या नॅनो नळ्या पोलादाच्या शंभरपट बळकट असतात आणि वजनाला पोलादाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या. दोन-तीन गटांतून आम्हाला विचारणा झाली, "ताई, हे खरं का?" म्हणून आम्ही वाचलं, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना जाऊन भेटलो. उत्तर असं मिळालं की हे पुष्कळसं खरं आहे, पण धाग्यापुरतं खरं आहे. दोरापर्यंत ते अजून पोचलेलं नाही. याचा अर्थ काय, ते आज सांगतो. आणि नॅनो युरियाचं आधीच सांगून टाकतो. ते खत आहे, त्यात या नळ्या नसतात. नॅनो म्हणजे फक्त अतिशय बारीक. नाव सारखं म्हणून वस्तू सारखी होत नाही.

आधी कार्बन म्हणजे काय ते पाहू. बाळासाठी काजळ कसं धरतात हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तुपाचा दिवा लावायचा, त्यावर वाटी पालथी घालायची, वाटीच्या पोटाला काळा थर बसतो. ती काजळी म्हणजे बहुतेक सगळा कार्बन. चुलीतला कोळसाही कार्बन. शिसपेन्सिलीत जे काळं असतं त्यात नावाला शिसं, खरं तर तो कार्बन आणि माती. आणि सोनाराच्या दुकानात काचेआड ठेवलेला हिरा, तोसुद्धा कार्बनच.

मग एक काळं आणि एक चमकणारं कसं? एक बोटाला लागतं आणि एक काच कापतं, हे कसं? फरक मालात नाही, मांडणीत आहे. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार बाजूंनी चार अणूंना घट्ट बांधलेला असतो. पेन्सिलीत तेच अणू पातळ थरांत मांडलेले असतात, पापडाच्या चळतीसारखे एकावर एक. एकेक पापड घट्ट, पण पापडाला पापड चिकटलेला नाही. म्हणून थर सरकतात आणि कागदावर रेघ उमटते.

त्या चळतीतला एकच पापड डोळ्यांपुढे आणा. जवळून पाहिला तर तो सहा कोनांच्या जाळीसारखा दिसेल. मधाचं पोळं असतं तसा, किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला आपण जी तारेची जाळी ठोकतो तसा. या एका थराला ग्राफिन म्हणतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह या दोघांनी २००४ मध्ये तो वेगळा करून दाखवला. कशाने, तर साध्या चिकटपट्टीने. पट्टी लावायची, सोलायची, पुन्हा लावायची, पुन्हा सोलायची. या कामाबद्दल त्यांना २०१० चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता ती खुराड्याची जाळी गुंडाळून तिची नळी करा. कड कडेला अशी जुळवा की जोड दिसू नये. झाली कार्बनची नॅनो नळी. खरोखर कुणी ती हाताने गुंडाळत नाही, भट्टीत ती तशीच वाढते, पण आकार समजायला हे पुरे. कधी एकच नळी असते, कधी नळीत नळी, त्यात आणखी नळी.

किती बारीक? एका मीटरचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला डोक्यावरचा केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. एकेरी नळी एक-दोन नॅनोमीटरची. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा पन्नास हजार नळ्या शेजारी शेजारी झोपतील.

या नळ्या जगापुढे आल्या त्या १९९१ मध्ये. जपानमध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवली की एका कांडीच्या टोकावर काळा थर साचतो. तो थर त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आत नळ्या दिसल्या. तशा त्या पहिल्यांदाच दिसल्या असंही नाही. १९५२ मध्ये सोव्हिएत रशियातल्या दोघा संशोधकांनी अशा नळ्यांची छायाचित्रं छापली होती. लेख रशियन भाषेत होता, बाहेर फारसा कुणाच्या वाचनात आला नाही. इजिमांच्या प्रयोगशाळेत एक भारतीयही होते, पुलिकल अजयन. मूळचे केरळचे, शिकलेले बनारस हिंदू विद्यापीठात. या नळ्या जास्त प्रमाणात कशा बनवायच्या, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ मध्ये दाखवलं. त्याआधी नळ्या इतक्या थोड्या मिळत की त्यांच्यावर नीट प्रयोग करणंच अवघड होतं.

आता त्या बहुतेक भट्टीत वाढवतात. साधारण ७०० ते ९०० अंश तापमान, कार्बन असलेला वायू आणि लोखंडाचे अतिशय बारीक कण. वायू तापून फुटतो, त्यातला कार्बन लोखंडाच्या कणावर येतो आणि तिथून नळी वर सरकते, जसा बीतून कोंब यावा. मुंबईच्या आयआयटीतल्या आणि जपानमधल्या मेइजो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर कापरापासूनही या नळ्या बनवल्या आहेत. आपल्या आरतीच्या ताटातला कापूर तोच. कापूर जळताना किती काजळी धरतो, हे आपण सगळ्याच जाणतो. पण म्हणून वाटीच्या पोटाला अशा बळकट नळ्या तयार मिळतील असं नाही. त्यासाठी ती भट्टी आणि ते लोखंडाचे कण हवेत.

आता ताकदीकडे येऊ, कारण चित्रफितीतला आकडा ताकदीचाच आहे.

एक तार घ्या. तिचं तोंड एक चौरस मिलिमीटरचं, म्हणजे जाड सुईएवढं. तार साध्या लोखंडाची असेल तर साधारण ४० किलो वजनाला ती तुटते. खास मजबूत पोलादाची असेल तर २०० किलोच्या आसपास धरते. आता नळ्यांचं. २००० मध्ये अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी एकेक नळी सूक्ष्मदर्शकाच्या आत दोन टोकांना धरून ओढली, तुटेपर्यंत. अशा १९ नळ्या त्यांनी तोडून पाहिल्या. तेवढ्याच जाडीच्या तारेचा हिशेब केला तर आकडा ११०० किलोपासून ६००० किलोच्याही वर गेला. म्हणजे जाड सुईएवढ्या तारेला मालाने भरलेला छोटा टेम्पो टांगावा, तसं.

पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती चित्रफितीत कुणी सांगत नाही. या नळ्या नळीत नळी अशा होत्या. ओढल्यावर तुटली ती फक्त सगळ्यांत बाहेरची. आतल्या नळ्या तुटल्या नाहीत, म्यानातून तलवार निसटावी तशा सुळकन बाहेर आल्या. वरचा आकडा त्या बाहेरच्या एका थराचा आहे. आतल्यांनी भार उचललाच नाही. पापडाला पापड चिकटत नाही, तसंच नळीला नळी चिकटत नाही.

आणि इथेच धाग्याची आणि दोराची गोष्ट सुरू होते.

आमच्या भागात कापूस पिकतो. देवासाठी वाती वळणाऱ्या बाया घरोघरी आहेत. कापसाचा एकेक तंतू फार तर अंगठ्याच्या पेराएवढा. तरी त्यातून वाटेल तेवढं लांब सूत निघतं. कशामुळे? पिळामुळे. पीळ दिला की तंतू एकमेकांना दाबून धरतात आणि ओढलं की आणखी आवळतात. पीळ कमी पडला तर तंतू निसटतात, सूत हातात विस्कटतं. पीळ जास्त झाला तर सूत कडक होतं, आटे पडतात आणि तुटतं. सुताची ताकद कापसात असते त्याहून जास्त वळणाऱ्या हातात असते.

कार्बनच्या नळ्यांचं दुखणंही तेच. नळ्या बहुतेक आखूड, मिलिमीटरच्याही लहान भागाएवढ्या. वर गुळगुळीत. एकेक पोलादाहून बळकट, पण एकत्र आणल्या की निसटतात. मग शास्त्रज्ञ गेले कुणाकडे? सूत कातणाऱ्यांकडे. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस इथल्या विद्यापीठात रे बॉमन यांचा गट या नळ्यांवर काम करत होता. त्यांच्या मदतीला ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले केन अॅटकिन्सन आले. अॅटकिन्सन लोकर कातण्याच्या विद्येतले जाणकार. नळ्यांचं दाट रान उगवलेल्या पट्टीच्या कडेवरून त्यांनी नळ्यांचा पेळू ओढला आणि त्याला पीळ दिला. सूत निघालं. २००४ मध्ये त्यांनी ते छापलं आणि मथळ्यातच कबूल केलं की हे एका फार जुन्या तंत्राचं बारीक रूप आहे. चरख्यावर आणि टकळीवर बायकांनी हजारो वर्षं जे केलं, तेच त्यांना करावं लागलं.

आता त्या सुताची ताकद ऐका. तीच जाड सुईएवढी तार धरली तर एकपदरी सूत १५ ते ३० किलोला तुटलं. दोन पदर एकत्र वळल्यावर २५ ते ४६ किलोपर्यंत गेलं. आठवतंय ना, साधं लोखंड ४० किलोला तुटतं. म्हणजे एकेक नळी हजारो किलोची आणि त्यांचं सूत साध्या लोखंडाएवढं! त्या शास्त्रज्ञांना यात कमीपणा वाटला नाही. सूत निघतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. पण शंभरपटीचा आकडा कुठे गळाला, हे आपल्याला इथे स्वच्छ दिसतं. तो जोडात गळाला.

तेव्हापासून वीस वर्षांत काम पुष्कळ पुढे गेलं. प्रयोगशाळेतलं चांगलं सूत आता मजबूत पोलादी तारेची बरोबरी करतं, काही पुढेही गेलं आहे, आणि वजनाला ते कितीतरी हलकं. चीनमधल्या छिंग्हुआ विद्यापीठात २०१३ मध्ये एक नळी ५५ सेंटिमीटर लांब वाढवली, म्हणजे जवळजवळ सव्वा हात. त्याच विद्यापीठात २०१८ मध्ये काही सेंटिमीटर लांबीच्या नळ्यांची जुडी केली, तिची ताकद आपल्या हिशेबाने ८००० किलोच्या वर गेली. हे कसं जमलं, ते ऐकण्यासारखं आहे. जुडीतल्या काही नळ्या ताणलेल्या होत्या, काही सैल. अशी जुडी ओढली की ताणलेलीवर सगळा भार येतो, ती आधी तुटते, मग भार दुसरीवर, मग तिसरीवर, अशी सगळी जुडी जाते. त्यांनी नळ्या पुन्हा पुन्हा आवळून, सैल सोडून, सगळ्यांचा ताण सारखा केला. मग भार सगळ्यांवर सारखा वाटला गेला आणि जुडी टिकली. गटात हप्ता एकीनेच भरायचा आणि बाकीच्यांनी बघायचं असं चाललं तर काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. शास्त्र वेगळं, पण समजायला हे उदाहरण बरं पडतं.

तर मग पुढे काय होणार? मोठमोठी स्वप्नं आहेत. जपानमधल्या ओबायाशी नावाच्या बांधकाम कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलं की २०५० पर्यंत आकाशात जाणारी लिफ्ट उभारू. जमिनीपासून अंतराळापर्यंत दोर आणि त्यावरून चढणारा डबा. जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. दोर त्याच्याही कितीतरी पलीकडे जायला हवा. एवढा लांब दोर पोलादाचा केला तर स्वतःच्याच वजनाने तुटेल, म्हणून आशा कार्बनच्या नळ्यांवर. आणि मघाशी सांगितलेली २०१३ ची लांब नळी सव्वा हात. स्वप्न बघू नये असं आमचं म्हणणं नाही. कुणी बघतं म्हणून काम पुढे जातं. पण सव्वा हात कुठे आणि हजारो किलोमीटर कुठे, एवढं मनात धरून चित्रफीत बघावी.

मग आज या नळ्या कुठेच नाहीत का? आहेत, पण दोर म्हणून क्वचित. बहुतेक ठिकाणी त्या पिठात मीठ घालावं तशा चिमूटभर मिसळतात. मोबाईलच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत त्यांची पूड घालतात, कारण त्या वीज चांगली वाहून नेतात. काही प्लास्टिकच्या भागांवर विजेचा भार साचू नये म्हणून घालतात. खेळाच्या सामानात, सायकलींत घातल्या गेल्या आहेत. म्हणजे आज या नळ्यांचं खरं काम पोलादाची जागा घेण्याचं नाही, दुसऱ्या वस्तूला थोडी मदत करण्याचं आहे.

एक गोष्ट आपल्या जवळची. २००४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातले ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटाने आणि मघाशी सांगितलेल्या अजयन यांनी मिळून या नळ्यांचा पाणी गाळायचा फिल्टर बनवला. पोकळ नळकांडं, त्याच्या भिंती कार्बनच्या नळ्यांच्या. त्यातून पाणी काढलं तर जुलाब करणारे जंतू आणि त्याहून कितीतरी बारीक असा पोलिओचा विषाणूही अडला. शिवाय फिल्टर साफ करून पुन्हा पुन्हा वापरता येत होता. हंडा घेऊन लांबून पाणी आणणाऱ्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण त्याला वीस वर्षं होऊन गेली आणि आमच्या तालुक्यातल्या एकाही घरात तो फिल्टर आम्ही पाहिलेला नाही. प्रयोगशाळेत एक नळकांडं बनवणं वेगळं. तेच लाख घरांना पुरेल असं, परवडेल असं आणि पाण्यात काही सोडणार नाही असं बनवणं वेगळं. म्हणून तोवर पाणी उकळणं, मेडिक्लोरचे थेंब टाकणं, हंड्यावर झाकण ठेवणं आणि ओगराळ्याने पाणी काढणं हे सोडू नका.

आता गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एक विक्रेता आला. चांगला बोलत होता. त्याच्याकडे 'नॅनो कार्बन'चा पट्टा होता, गुडघ्याला बांधायचा. किंमत ४,८०० रुपये. रोख नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज काढा, दहा जणींनी घेतलं तर अकरावा फुकट. त्याने मोबाईलवर तीच चित्रफीत दाखवली, पोलादाच्या शंभरपट बळकट. गटात एक ताई होत्या, दोन वर्षं गुडघेदुखीने बेजार. कापूस वेचायला वाकता येत नव्हतं, मजुरी बुडत होती. त्या म्हणाल्या, मला हवा. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, त्यामुळे नको म्हणणंही कुणाला सोपं नव्हतं.

तेव्हा गटातल्या म्हाताऱ्या काकू बोलल्या. त्यांनी जन्मभर अंबाडीचे दोर वळले आहेत. त्या म्हणाल्या, "बाबा, धागा बळकट आहे म्हणतोस, असेल. पण पट्ट्यात तो किती आहे? आणि दोर बळकट असला म्हणून बैलाचा पाय बरा होतो का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न नेमका होता. पट्ट्यात नळ्या आहेत हे कुणी तपासलं, त्याचा कागद मागितला. नव्हता. पावतीवर कंपनीचा पत्ता आणि परत घेण्याची अट लिहून द्या म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी आणतो. पुढची वेळ आली नाही आणि त्याने दिलेला नंबर लागला नाही.

त्या ताई आमच्यावर पंधरा दिवस रुसल्या होत्या. मग गटातल्या दोघी त्यांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, व्यायाम शिकवले, औषध दिलं, उकिडवं बसणं कमी करा म्हणून सांगितलं. दुखणं पूर्ण गेलं नाही. पण आता त्या हळूहळू का होईना, शेतात जातात आणि गटाचे ४,८०० रुपये गटातच आहेत. त्या पैशातून नंतर एकीच्या मुलीची शाळेची फी भरली गेली.

आता जपण्याची गोष्ट. नवी वस्तू आली की ती काय देते हे सगळे सांगतात, काय घेते हे कुणी सांगत नाही. तुम्हाला अॅस्बेस्टॉस माहीत आहे. आपल्या कित्येक घरांवर जे सिमेंटचे पत्रे आहेत त्यांतल्या पुष्कळांत ते असतं. एके काळी त्याचंही असंच कौतुक होतं. जळत नाही, कुजत नाही, स्वस्त. त्याचे बारीक, लांब तंतू श्वासातून आत जातात, छातीत रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, कॅन्सर होतो, हे जगाने मानेपर्यंत खूप उशीर झाला. ज्यांनी त्या कारखान्यांत काम केलं ते तोवर म्हातारे झाले होते.

कार्बनच्या काही नळ्यांचा आकार तसाच आहे, बारीक आणि लांब. २००८ मध्ये एडिंबरातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. लांब नळ्यांनी उंदरांच्या शरीरात अॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि जखम केली, आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांनी तशी केली नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या नळ्यांचा एक प्रकार माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या यादीत घातला. बाकीच्या प्रकारांबद्दल ठरवायला पुरावा अपुरा आहे असं सांगितलं. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये सुचवलं की कारखान्यातल्या एक घनमीटर हवेत या नळ्यांची पूड एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जास्त नसावी. इतकी कमी.

याचा अर्थ तुमच्या हातातला मोबाईल घातक आहे असा नाही. त्यात नळ्या बंद आहेत, घट्ट बसलेल्या आहेत. धोका कोरड्या पुडीचा आहे, आणि अशा वस्तू कापताना, घासताना, फोडताना जी धूळ उडते तिचा. म्हणजे धोका वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याला आणि मोडणाऱ्याला जास्त. बनवणारे आणि मोडणारे कोण असतात? एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या मुली आणि भंगार वेचणाऱ्या आपल्या बहिणी. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

एक, भंगारातली बॅटरी कुणीही फोडू नये. आतली काळी पूड श्वासात जाऊ देऊ नये. बॅटरी फोडल्याने आग लागते, हा धोका वेगळाच.

दोन, घरातली मुलगी जिथे बारीक काळी किंवा कोणतीही पूड हाताळते तिथे तिने विचारावं, ही पूड कशाची, मास्क कोणता, धूळ ओढून घेणारा पंखा आहे का. साधा रुमाल किंवा ओढणी इतक्या बारीक धुळीला पुरत नाही. विचारणं हा तिचा हक्क आहे.

तीन, सिमेंटचा पत्रा कापायचा किंवा काढायचा असेल तर आधी पाणी मारून ओला करावा, कोरडा झाडू मारू नये, मुलांना लांब ठेवावं. नव्या वस्तूची काळजी करताना डोक्यावरची जुनी विसरायला नको. चुलीच्या धुराचंही तसंच. तो फुप्फुसाला वाईट आहे, हे ठरवायला नव्या शोधाची वाट पाहायची नाही.

मैत्रिणींनो, या नळ्या खोट्या नाहीत. काजळीच्या मालातून पोलादाहून बळकट धागा निघतो, हे माणसाने शोधलं आणि त्यात आपल्या देशातल्या माणसांचाही हात आहे. उद्या विजेच्या तारा, विमानं, पवनचक्कीची पाती, कदाचित पाण्याचे फिल्टर यांतून बदलतील. आपल्या मुलींनी हे शास्त्र शिकावं, सूत कातणाऱ्या आज्यांच्या नातींना ते जड जाऊ नये. पण तोवर कुणी 'नॅनो' म्हणून दारात वस्तू घेऊन आला, तर गटाने चार प्रश्न विचारावेत. यात नॅनो ते नेमकं काय आणि किती? आकडा धाग्याचा सांगता की या आख्ख्या वस्तूचा? कुणी तपासलं, त्याचा कागद कुठे? नाही उपयोग झाला तर परत कोण घेणार, कोणत्या पत्त्यावर? चारांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी कर्ज मंजूर करायचं नाही. पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न मोठ्याने वाचा आणि ठराव करून इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पाठ करा, चारच आहेत.

आणि बैठकीला कुणी तरी थोडा कापूस न्या. मुलींना वात वळायला सांगा, आधी बिनपिळाची, मग पिळाची, आणि दोन्ही ओढून बघायला सांगा. आज आम्ही जे बोललो ते त्यांना लगेच कळेल.

पुढच्या वेळी सौर पंपाच्या अर्जाला कोणती कागदपत्रं लागतात ते सांगू. सातबारा शोधून ठेवा.